ट्रेडमिलवरचा लाँग रन दर मे महिन्यात मध्येच का बारगळतो?

तक्रार एप्रिलच्या मध्यावर सुरू होते आणि तिचे शब्दही ठरलेले असतात. "बाहेर उकाडा म्हणून ट्रेडमिलवर आलो. पहिला तास मस्त गेला, मग पल्स १७० च्या वर. वेग तोच, पाय ठणठणीत, पण धाववेना. खाली घामाचं तळं." कुणी कॉम्रेड्सची, म्हणजे दक्षिण आफ्रिकेतल्या अल्ट्रामॅरेथॉनची, तयारी करत असतं, आणि जूनमधल्या त्या शर्यतीसाठी मोठी अंतरं नेमकी एप्रिल-मेमध्ये पडतात. कुणाला ऑगस्टमध्ये हैदराबादला पळायचं असतं, कुणाला सप्टेंबरमध्ये साताऱ्याच्या घाटात. जानेवारीतली मुंबई मॅरेथॉन एवढंच ज्यांचं ध्येय आहे त्यांचे मोठे रन पावसाळा संपल्यावर येतात, त्यामुळे ते या कचाट्यातून सुटतात. बाकीच्यांसाठी हे.

बहुतेक जण उपाय स्टॅमिन्यात शोधतात. माझ्या मते दहापैकी आठ वेळा दोष खोलीतल्या हवेत असतो.

मरीन ड्राइव्हवर ताशी १० किलोमीटरने पळताना पान हलत नसलं तरी ताशी १० किलोमीटरचा वारा अंगावर येतोच, कारण तो तुमच्या पळण्यातूनच तयार होतो. ट्रेडमिलवर पाय तेवढेच पळतात, पण शरीर जागच्या जागी. वारा शून्य. उष्णता मात्र तेवढीच तयार होते. ६५ किलोचा माणूस या वेगाने तासाला साधारण ६५० किलोकॅलरी जाळतो आणि त्यातल्या बहुतेक सगळ्या शेवटी उष्णता म्हणूनच बाहेर टाकाव्या लागतात. एक लिटर घाम अंगावर पूर्ण वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी घेऊन जातो. म्हणजे हिशेब जवळपास बसतो. अट एकच, घाम वाळला पाहिजे. टपकून बेल्टवर पडलेला घाम शरीरातलं पाणी आणि मीठ नेतो, उष्णता नेत नाही. तुमच्याखाली तळं साचत असेल तर व्यायाम जोरात झाला असं समजू नका. शरीराने गार होण्यासाठी जेवढं पाणी काढलं त्यातलं बरंचसं वाया गेलं एवढाच त्याचा अर्थ.

आता खोलीचा हिशेब करू. दहा बाय दहाची खोली, उंची दहा फूट, म्हणजे साधारण २८ घनमीटर हवा. ३० अंशांना एवढी हवा वाफेच्या रूपात जास्तीत जास्त साडेआठशे मिलीच्या आसपास पाणी धरू शकते. मे महिन्यात आपल्याकडे मुंबईत आर्द्रता ७५ टक्के असली, तर त्यातली तीन चतुर्थांश जागा तुम्ही बूट घालायच्या आधीच भरलेली. उरली दोनशे-सव्वादोनशे मिलीची. तासाला लिटरभर घाम गाळणारा माणूस ही जागा पंधरा मिनिटांत संपवेल. दारा-खिडक्यांच्या फटींमुळे थोडी सूट मिळते, पण दिशा तीच. "पहिला तास मस्त गेला" यामागचं कोडं बरंचसं इथे सुटतं. तुम्ही त्या तासात खोलीची हवा स्वतःच्याच घामाने भरत होता.

म्हणून पहिली तपासणी पायांची किंवा घड्याळाची नको, खिडकीची करा. एसी नसेल तर समोरासमोरची दोन तोंडं उघडी हवीत, खिडकी आणि दार, आणि शक्य असेल तर एका तोंडाला बाहेर हवा फेकणारा एक्झॉस्ट. ऊन येतं म्हणून खिडकी बंद आणि पडदे ओढलेले, ही सगळ्यात वाईट मांडणी. पडदा ठेवा, काच उघडा.

पंखा

छताचा पंखा या कामाला जवळजवळ निरुपयोगी आहे. तो डोक्यावर वारा टाकतो आणि खोलीतली तीच हवा घुसळतो. शिवाय ट्रेडमिलच्या डेकवर उभं राहिल्यावर तुम्ही वीतभर उंच होता. जुन्या चाळीतल्या पोटमाळ्याखाली किंवा कमी उंचीच्या फ्लॅटमध्ये घाम पुसायला हात वर गेला तर पात्यापर्यंत पोहोचतो. मशीन पंख्याखालून सरकवा, हे आधी.

हवा तो उभा पेडेस्टल फॅन, नाहीतर लग्नाच्या मांडवात असतो तसा फर्राटा. समोर एक-दीड मीटरवर, छाती आणि चेहरा यांच्यावर रोखलेला, मान फिरवणारं बटण बंद. फिरता पंखा अर्धा वेळ भिंतीला वारा घालतो. दुसरा पंखा मिळाला तर तो मागून किंवा बाजूने, कमरेच्या खाली. मांड्या आणि पोटऱ्या हीच मोठी भट्टी आहे आणि तिकडे कुणाचं लक्ष नसतं. पंखा शक्यतो उघड्या खिडकीकडून आत वारा आणेल असा ठेवा. टी-शर्ट पहिल्या अर्ध्या तासात ओला होणारच, पण पंख्यासमोर तो गार लागला पाहिजे. ओला असून कोमट लागत असेल तर मांडणी अजून चुकते आहे. मला यापेक्षा सोपी चाचणी माहीत नाही.

एअर कूलर आणू नका. नागपूर-जळगावच्या नातेवाइकांचा सल्ला तिथे शंभर टक्के खरा आहे, कारण तिथली हवा कोरडी. मुंबईत कूलर आधीच भरलेल्या हवेत आणखी पाणी ओततो.

इथे एक गोष्ट उलटी वाटेल. मार्चमध्ये एखाददुसऱ्या आठवड्यात पारा ३८-३९ वर जातो, पेपरात मोठे मथळे येतात. ते दिवस बहुधा जमिनीवरून येणाऱ्या पूर्वेच्या वाऱ्यांचे असतात. खारा वारा उशिरा सुटतो आणि हवा कोरडी असते. त्या दिवशी घरात पंख्यासमोरचा रन मेमधल्या ३४ अंशांच्या चिकट दिवसापेक्षा सोपा जाऊ शकतो. धोका वेगळा असतो. घाम लगेच वाळल्यामुळे किती गेला ते कळत नाही आणि पाणी कमी प्यायलं जातं. मोबाइलवर नुसतं तापमान बघून बेत आखणाऱ्यांनी दवबिंदूही, म्हणजे हवेत किती ओलावा आहे ते सांगणारा आकडा, बघावा. तो २४-२५ च्या वर असेल तर वेगाची अपेक्षा घरीच ठेवून यावं.

एसी असेल तर

पळणाऱ्यासाठी एसीचं मोठं काम हवा कोरडी करणं हे आहे, गार करणं त्यानंतर. बाहेरच्या नळीतून जे पाणी ठिबकतं त्यात तुमचा घामही असतो. एक टनाचा एसी साडेतीन किलोवॉट उष्णता खेचतो, पळणारा माणूस पाऊण किलोवॉट सोडतो, मोटरची थोडी वेगळी. म्हणजे लहान खोलीला एक टन पुरतो. २४-२५ वर लावा, पळायच्या अर्धा तास आधी सुरू करा, आणि पंखा तरीही समोर हवाच. एसी आहे म्हणून पंखा बंद करणारे पुन्हा त्याच तक्रारीवर येतात. १८ वर लावून गारठून सुरुवात करण्यात मला अर्थ दिसत नाही.

सोसायटीच्या जिममध्ये प्रश्न तांत्रिक नसतो. सकाळी सहा ते नऊ गर्दी, वीस मिनिटांची पाटी, मागे टॉवेल खांद्यावर टाकून उभे असलेले लोक. दुपारी दोन ते चार मशीन मोकळं, पण एसी बंद. मग सेक्रेटरींशी संवाद होतो तो असा:

"काका, रविवारी दुपारी दोन तास एसी लावला तर चालेल का?"

"अरे, एकट्यासाठी एसी? उद्या मीटिंगमध्ये माझी हजेरी घेतील."

यावर भांडू नका. दीड टनाचा एसी तासाला साधारण दीड युनिट घेतो. "एप्रिल-मेचे आठ रविवार, दोन-दोन तास, जे बिल होईल ते मी भरतो" असं लेखी द्या. आकडा इतका लहान निघतो की काका बहुधा पैसे न घेताच चावी देतात. न दिली तर पेडेस्टल फॅन तरी खाली न्यायची परवानगी काढा.

पल्स चढतेच आहे

हवा सुधारूनही तासाभराने पल्स दहा-पंधरा ठोक्यांनी वर सरकेल. ते स्वाभाविक आहे. घामाने रक्तातलं पाणी कमी होतं, थोडं रक्त गार होण्यासाठी त्वचेकडे वळतं, प्रत्येक ठोक्यात कमी रक्त ढकललं जातं, म्हणून हृदय ठोके वाढवतं. बाहेर अशा वेळी वेग आपसूक मंदावतो. ट्रेडमिल मंदावत नाही. तुम्ही ९.५ लावलंत की ते ९.५ च पळवणार, आणि आकडा खाली आणणं म्हणजे हार असं वाटून माणूस बटणाला हात लावत नाही.

लावा. नेहमीच्या सहज वेगापेक्षा अर्धा किलोमीटर कमी ठेवून सुरुवात करा आणि पल्स ठरवलेल्या मर्यादेवर टेकली की ०.२-०.३ ने उतरवत जा. अंतर न मोजता वेळ मोजा. थंडीत २४ किलोमीटरला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ पायांवर घालवला की मे महिन्याचं काम झालं, मग डिस्प्लेवर २१ दिसले तरी.

दुसरं, रन तोडा. चाळीस-चाळीस मिनिटांचे तीन-चार भाग, मध्ये तीन-चार मिनिटं खाली उतरून पंख्यासमोर. बर्फाच्या पाण्यात पिळलेला पंचा मानेवर, मोजे बदलायचे, बाटली भरायची. "मग तो लाँग रन कसला?" असं विचारणारे भेटतात. कॉम्रेड्समध्ये चढांवर बहुतेक सगळे चालतातच, आणि सलग दीड तास पळून कोलमडण्यापेक्षा तुकड्यांनी अडीच तास पळणं पायांना जास्त शिकवतं, असं माझं ठाम मत आहे. सुरू करण्याआधी मिक्सरमध्ये बर्फाचा चुरा करून त्यात कोकम आणि चिमूटभर मीठ घालून पेलाभर खाल्लं तर शरीर किंचित गार अवस्थेत सुरुवात करतं. चौपाटीवरचा गोळा हेच काम करेल, पण त्या पाण्याची हमी कोण देणार?

एक रेषा मात्र ओलांडायची नाही. पोटात ढवळणं, डोकं ठणकणं, अंगावर काटा येणं, घेरी येणं, यातलं काहीही झालं की मशीन बंद, आडवं व्हा, पाय वर घ्या, गार पाणी अंगावर. माणूस असंबद्ध बोलू लागला, तोल जाऊ लागला किंवा भान हरपलं तर तो उष्माघात समजायचा. १०८ ला फोन लावा आणि गाडी येईपर्यंत बर्फ, ओले पंचे, बादलीभर पाणी, पंखा, जे हाताशी असेल त्याने गार करत राहा. शुद्ध नसताना तोंडात पाणी ओतू नका. म्हणूनच घरात एकटे असताना मोठा रन करू नये आणि सेफ्टी कीची, म्हणजे खेचली गेली की मशीन थांबवणाऱ्या किल्लीची, दोरी कपड्याला अडकवलेलीच असावी. ती कन्सोलवर नुसती लटकत ठेवणाऱ्यांना ती कशासाठी दिली आहे याचा विसर पडलेला असतो.

किती प्यायचं

अंदाजाने पिऊ नका, वजनकाटा वापरा. पळायच्या आधी कमीत कमी कपड्यांत वजन करा, नंतर अंग पुसून पुन्हा. समजा आधी ६४.८, दीड तासानंतर ६३.६, आणि मध्ये अर्धा लिटर प्यायलात. घट १.२ किलो अधिक प्यायलेलं ०.५, म्हणजे १.७ लिटर घाम. तासाला सव्वा लिटरच्या जरा आत. वजनाच्या दोन टक्क्यांपेक्षा जास्त तूट नको असं धरलं तर या माणसाला १.३ किलोपर्यंत मोकळीक आहे, दीड तासाला तो काठावर आहे. अडीच तास पळायचं तर एकूण घाम पावणेतीन-तीन लिटर, म्हणून किमान दीड लिटर, तासाला सहाशे मिली. सगळीच तूट भरून काढायच्या नादात लिटरच्या लिटर साधं पाणी ढोसणं उलट घातक आहे. रक्तातलं सोडियम पातळ होतं आणि त्यातून माणूस दगावू शकतो. रननंतर वजन वाढलेलं दिसलं तर तुम्ही जास्त प्यायलात, त्यावर वाद नाही.

एक लिटर पाणी, पाव ते एक तृतीयांश चहाचा चमचा मीठ, तीन मोठे चमचे साखर, एक लिंबू. यात सोडियम साधारण सहाशे ते आठशे मिलिग्रॅम पडतं आणि साखर चार टक्क्यांच्या आसपास, पोटाला झेपेल इतकी. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राच्या ओआरएसमध्ये लिटरला याच्या दुप्पट-तिप्पट सोडियम असतं. ते जुलाबांसाठी बेतलेलं आहे, तरी फार खारट घाम असणाऱ्यांना, म्हणजे ज्यांच्या काळ्या टी-शर्टवर पांढरे नकाशे उमटतात त्यांना, पळून झाल्यावर उपयोगी पडतं. दुकानातलं गोड पेय ओआरएस समजून उचलू नका, पाकिटावर सूत्र वाचा. रक्तदाब, मूत्रपिंड किंवा मधुमेहाचा त्रास असेल तर मिठा-साखरेचं प्रमाण डॉक्टरांना विचारूनच. खायला वेलची केळं, खजूर, राजगिऱ्याची वडी. दीड तासाच्या पुढच्या रनला तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं पुरतात, त्यात पेयातली साखरही धरा.

चढाचा गोंधळ

"१ टक्का चढ लावलाच पाहिजे" हे वाक्य प्रत्येक जिममध्ये ऐकू येतं. त्याचं मूळ जोन्स आणि डाउस्ट यांच्या १९९६ च्या अभ्यासात आहे: बाहेर वाऱ्याचा विरोध असतो, आत नसतो, तो १ टक्का चढाने भरून निघतो. पण त्यांनी तपासलेले वेग ताशी साडेदहा किलोमीटरपासून वरचे होते. आपल्यातले अनेक जण लाँग रन ८-९ ने करतात. तिथे हवेचा विरोध नगण्य, शून्य किंवा अर्धा टक्का पुरे. गंमत अशी की चढ लावून वाऱ्याचा विरोध परत मिळतो, वारा मिळत नाही. मेमध्ये त्या जास्तीच्या एका टक्क्याने फक्त उष्णता वाढते आणि पोटऱ्या आखडतात.

पायाची बोटं बधिर होत असतील तर तोही उन्हाळ्याचाच भाग आहे. उष्णतेने पाऊल फुगतं आणि प्रत्येक पाऊल हुबेहूब आधीसारखंच पडतं. पहिल्या ब्रेकला लेस एक घर सैल करा आणि दर दहा मिनिटांनी चढ ० आणि १ यांच्यामध्ये बदलत राहा.

मशीन आपणहून थांबतं

बरोबर ६० मिनिटांनी थांबत असेल तर तो बिघाड नाही, बऱ्याच जिमच्या मशीनमध्ये वेळेची मर्यादा घातलेली असते. काही डिस्प्ले ९९:५९ नंतर शून्यावर जातात. घड्याळात वेगळी नोंद ठेवा आणि ब्रेक त्या वेळेलाच घ्या.

कधीही, विशेषतः तासाभरानंतर, झटका देऊन थांबत असेल तर मोटर किंवा कंट्रोलर तापतोय. आधी बेल्टखाली हात घालून डेक चाचपा. कोरडा, खरखरीत लागला तर घर्षण वाढलंय. माहितीपुस्तिकेत सांगितलेलं सिलिकॉन तेलच घाला. खोबरेल किंवा बिजागऱ्यांवर मारायचा स्प्रे घालून बेल्टची वाट लावलेली मशीन दुरुस्तीवाल्यांकडे हमखास बघायला मिळतात. मग प्लग बघा. ट्रेडमिल १६ अँपिअरच्या, अर्थिंग असलेल्या सॉकेटवरच हवी. मोबाइल चार्जरच्या एक्स्टेंशन बोर्डावर लावली की वायर तापते, व्होल्टेज पडतं, आणि पायाखाली घामाचं पाणी असताना ही चैन परवडणारी नाही. मोटरच्या झाकणाच्या जाळीत आपल्याकडची धूळ आणि दमट हवा मिळून चिकट थर बसतो, तो प्लग काढून ब्रशने साफ करा. कन्सोलवर टॉवेल टाकून पळा, घाम बटणांच्या आत उतरत नाही.

घड्याळ आणि मशीन यांचे आकडे जुळत नसतील तर भांडण मिटवायला शिंप्याची टेप पुरते. मशीन बंद असताना बेल्टवर खडूने खूण करा आणि हाताने फिरवत बेल्टची पूर्ण लांबी टप्प्याटप्प्याने मोजा. समजा २.८ मीटर भरली. मग तुम्ही वर पळत असताना दुसऱ्या कुणीतरी एका मिनिटात खूण किती वेळा फिरली ते मोजायचं. ६० फेऱ्या झाल्या तर १६८ मीटर, म्हणजे ताशी १०.१ किलोमीटर. मोजणी माणूस वर असतानाच करा. रिकामा बेल्ट खोटं बोलतो, वजन पडलं की बरीच घरगुती मशीन मंदावतात.

राहिल्या खालच्या मजल्यावरच्या काकू. "अहो, पहाटे साडेपाचला वर दळण घालता की काय?" हा प्रश्न त्यांनी विचारायच्या आत दाट रबरी मॅट आणा, मशीन खोलीच्या मधोमध न ठेवता तुळईच्या जवळ, भिंतीच्या कडेला सरकवा (मागे मात्र दीड-दोन मीटर मोकळे ठेवून), आणि मोठा रन कोणत्या वारी, किती वाजता असतो ते त्यांना आधीच सांगून या. पहाटेची वेळ टाळून साडेसातला सुरू केलं तरी आतल्या माणसाला फरक पडत नाही. ऊन बाहेरच आहे.